फ्रान्स, पण पळापळ नको: कुठला भाग निवडावा?

सुमेधा_इचलकरंजी

नमस्कार मंडळी. मे अखेरीस लेकीकडे स्टुटगार्टला जातोय. तिथला मुक्काम मोठा आहे. त्यातून पंधरवडाभर वेळ काढून आम्ही दोघंच फ्रान्सला जायचं म्हणतोय. पॅरिस मागे एकदा ग्रुप टूरमध्ये झालंय, म्हणजे बसच्या काचेतून झालंय. तरी पुन्हा पॅरिस नकोच.

हवंय ते असं: लहानसं देखणं गाव असावं, सकाळी बाजारातून ब्रेड, चीज, फळं आणावीत, दुपारी ताणून द्यावी, संध्याकाळी रमतगमत फिरावं. अधूनमधून एखादं म्युझियम. दोघंही साठीच्या पुढचे, माझा एक गुडघा कुरकुरतो. नवरा शाकाहारी (अंडं चालतं), मला सगळं चालतं. तो गाडी चालवायला फार उत्सुक आहे. मी त्याच्या शेजारी बसायला नाही.

यादीत सध्या अल्सास, बर्गंडी, प्रोव्हान्स, दोर्दोन्य आणि नॉर्मंडी. लेक म्हणते, आई, यातलं एकच घे. नवरा म्हणतो, एवढे गेलोच आहोत तर सगळं उरकून येऊ. तुम्ही काय म्हणता?

कट्ट्यावरचा_बंडू

तुम्ही मागच्या सीटवर बसा. प्रश्न मिटला, पुढचा धागा काढा.

गिरमिट

मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने. विमानाचं तिकीट, व्हिसा, इन्शुरन्स एवढं सगळं करून एका गावात कांदे-बटाटे आणायला जायचं? ते इचलकरंजीत होतंच की. स्ट्रासबर्ग, बोन, आव्हीन्यों, नीस, बोर्दो, लुआरचे राजवाडे आणि शेवटी नॉर्मंडी, प्रत्येक ठिकाणी दोन-दोन दिवस. टीजीव्ही, म्हणजे तिथली वेगवान रेल्वे, ताशी तीनशेने पळते. आम्ही साधारण असंच केलं होतं, मजा आली.

वेळापत्रक

@गिरमिट, टीजीव्ही पळते हो, पण पळते पॅरिसकडे. फ्रान्सचं रेल्वेचं जाळं पॅरिसभोवती विणलेलं आहे आणि तिथे प्रत्येक दिशेचं स्टेशन वेगळं. स्ट्रासबर्गची गाडी गार द लेस्टला येते, दिजों-आव्हीन्योंची गार द लिऑनहून सुटते, बोर्दोची मोंपार्नासहून आणि नॉर्मंडीची बहुतेक सें-लाझारहून. तुमच्या बेतात बोर्दोहून नॉर्मंडीला जाताना बॅगा घेऊन मेट्रोचे जिने चढणं आलं. कुरकुरत्या गुडघ्याला विचारा, त्याला मजा येईल का.

पॅरिसला वळसा घालून जाणारी एक सोयीची वाट आहे. फ्रांकफुर्टहून मार्सेयला जाणारी थेट टीजीव्ही स्ट्रासबर्ग, लिऑन, आव्हीन्यों करत जाते. म्हणजे पूर्वेकडचा पट्टा (अल्सास, बर्गंडी, लिऑन, प्रोव्हान्स) तुम्हाला जर्मनीतून सरळ लागतो. दोर्दोन्य आणि नॉर्मंडी दुसऱ्या टोकाला. स्टुटगार्टहून स्ट्रासबर्ग तर दीड तासाच्याही आत. पाच नावांतली दोन इथेच गळाली असं समजा.

सुमेधा_इचलकरंजी

वेळापत्रक, हे स्टेशनांचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं! नवऱ्याला वाचून दाखवलं. म्हणाला, "मग गाडी भाड्याने घेऊ." परत तिथेच.

भटकभवानी

डोळे मिटून अल्सास. त्यातही कोलमार. स्ट्रासबर्गहून साध्या टीईआर गाडीने अर्ध्या-पाऊण तासात पोचता. लाकडी चौकटींची रंगीत घरं, त्यांच्या खिडक्यांतून लोंबणारी जिरेनियमची फुलं, मधून वाहणारा ओढा. फोटोत बघून वाटतं की सगळं रंगवून ठेवलंय, पण तिथे माणसं राहतात, शाळा आहेत, दवाखाने आहेत, मंडई आहे. ही मंडई १९व्या शतकातली विटांची इमारत, अगदी ओढ्याला लागून. पूर्वी भाजीवाले नावेतून माल आणून मागच्या बाजूने उतरवत.

कोलमारहून एगिसाइम सहा-सात किलोमीटरवर. मधल्या किल्ल्याभोवती गल्ल्या गोल गोल वळत जातात, त्यामुळे माणूस हरवूच शकत नाही, फिरून तिथेच येतो. कायझर्सबर्ग, रिबोविले, रिकवीर ही सगळी द्राक्षमळ्यांच्या रस्त्यावरची गावं. तो वाइन रूट १९५३ साली आखला, लांबी साधारण १७० किलोमीटर. बस आहेत पण मोजक्या, रविवारी जवळजवळ नाहीतच. इलेक्ट्रिक सायकल मिळते, रस्ता बराचसा सपाट.

आणि उंटरलिंडन म्युझियम चुकवू नका. मंगळवारी बंद असतं, तेवढं बघून जा. तिथे इझेनहाइमची वेदी आहे, ग्र्यूनेवाल्ड नावाच्या चित्रकाराने १५१२ ते १५१६ या काळात रंगवलेली. मला चित्रातलं काही कळत नाही, तरी समोरच्या बाकावर बसून राहिले. सुळावरचा येशू, पण नेहमीसारखा शांत नाही. बोटं वेदनेने ताठ होऊन फाकलेली, अंगभर काटे रुतलेले, कातडीवर हिरवट फोड. ज्या मठासाठी हे चित्र काढलं तिथले साधू 'सेंट अँथनीची आग' या रोगाच्या रुग्णांची सेवा करत. राय धान्यावरच्या बुरशीने तो रोग व्हायचा, हातापायांची आग होऊन ते झडायचे. रुग्णाला आणून या चित्रासमोर बसवत, की बघ, त्यालाही तुझ्यासारखंच झालंय.

पारनेरकर

भवानीताई, बुरशी म्हणजे अरगट का? आमच्याकडे बाजरीवर अरगट पडतो. आजी मिठाच्या पाण्यात बी टाकून वर तरंगलेलं फेकून द्यायची.

डॉ_विहीर

हो पारनेरकर, त्याच कुळातली बुरशी, जात वेगळी. रायवरची जास्त विषारी, रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटं काळी पडतात. तिच्यातल्याच द्रव्यापासून पुढे बाळंतपणातला रक्तस्राव थांबवायचं औषध आलं. मिठाचं पाणी ही अगदी शास्त्रशुद्ध पद्धत आहे, कृषी खातंही तेच सांगतं.

कट्ट्यावरचा_बंडू

फ्रान्सच्या सहलीच्या धाग्यावर बाजरीचं बियाणं. याला म्हणतात मराठी संस्थळ.

लिऑनवाली_मेघना

इथे लिऑनला राहून बरीच वर्षं झाली, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. भवानीचं कोलमार मान्य, पण रिकवीर वगैरे बद्दल माझं मत वेगळं आहे.

तुम्ही "लहानसं देखणं गाव" म्हणालात. फ्रान्समध्ये सर्वांत सुंदर गावांची एक रीतसर संघटना आहे, १९८२ साली कोलोंज-ला-रूज या गावातून सुरू झालेली. तिच्यात यायला लोकसंख्या दोन हजारांच्या आत लागते आणि किमान दोन संरक्षित वास्तू किंवा जागा लागतात. गावं खरोखर सुंदर असतात. पण दोन हजारांच्या आत म्हणजे काय ते बघा: बेकरी एक, ती आठवड्यातून एक-दोन दिवस बंद. किराणा नाही. औषधाचं दुकान असलं तर नशीब. सकाळी दहाला बस येऊन लागतात, संध्याकाळी सहाला जातात, नंतर गल्लीत मांजर आणि तुम्ही. एक रात्र छान वाटतं. आठवडाभर राहायचं, बाजारहाट करायचा, तर तुम्हाला लहान गाव नको, लहान शहर हवं. जिथे आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं आठवडी बाजाराला येतात, लोक कामाला जातात, पोरं सायकलवरून शाळेत जातात. सुंदर गावं तिथून अर्ध्या दिवसात बघून परत यावं.

माझ्या मते अशी राहण्याजोगी शहरं: बर्गंडीत बोन, दोर्दोन्यमध्ये सार्ला, गार जिल्ह्यात युझेस, ब्रिटनीत दिनां, नॉर्मंडीत बायो. (बायोला जाणार असाल तर तिथलं ते प्रसिद्ध सत्तर मीटरचं भरतकाम २०२७पर्यंत बघायला मिळणार नाही, म्युझियमचं काम चालू आहे.)

यातलं माझं लाडकं युझेस. चौकात दगडी कमानींच्या खाली बुधवारी आणि शनिवारी बाजार भरतो. शनिवारचा मोठा, बुधवारचा खरा. शेतकरी चार प्रकारच्या ऑलिव्हच्या परड्या लावून बसतात, चाखून बघायला देतात. रोमन लोकांनी नीम शहराला पाणी नेलं ते युझेसजवळच्या झऱ्यातून. जवळजवळ पन्नास किलोमीटरचा कालवा, आणि एवढ्या अंतरात उतार सगळा मिळून साडेबारा मीटरच्या आसपास. पों द्यु गारचा तो तीन मजली पूल त्याच कालव्याचा एक तुकडा. दोन हजार वर्षांपूर्वी हा उतार कसा साधला असेल, याचा विचार करत पुलाखाली नदीत पाय सोडून बसायचं.

हळदीचं_पान

"गल्लीत मांजर आणि तुम्ही". मेघना, मला हेच तर हवंय!

भटकभवानी

मेघना, बस सहाला जातात म्हणूनच तर रात्री तिथे राहायचं. संध्याकाळचं रिकवीर बघितलेलं नाहीस वाटतं. पण किराण्याचं म्हणतेस ते खरं. आणि सुमेधाताईंना दुपारी झोपायचंय, त्यांना बसवाल्यांचा काय त्रास?

गिरमिट

पळापळ नको, गर्दी नको, खेडं नको, शहर नको. लोकांना नक्की काय हवं असतं?

खादाड_खंडू

मुद्द्याचं कुणीच बोलत नाहीये. खायचं काय?

पहिली गोष्ट, वेळा. जेवण बारा ते दोन. सव्वादोनला गेलात तर मालक प्रेमाने दार लावून घेईल. मग सात-साडेसातपर्यंत कुणीही चूल पेटवत नाही. दुपारी झोपायचा बेत असेल तर जेवून झोपा, झोपून जेवायला जाऊ नका. दुपारी फळ्यावर खडूने लिहिलेला 'प्ला द्यु जूर', म्हणजे त्या दिवसाचा खास पदार्थ घ्यायचा, तोच पदार्थ रात्री महाग पडतो. पाणी मागताना 'कराफ दो' म्हणा, नळाचं पाणी काचेच्या सुरईतून येतं आणि फुकट असतं. नुसतं पाणी म्हणालात तर बाटली येते आणि बिलात दिसते.

मिस्टरांसाठी: शाकाहारी दिसणाऱ्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका. किश लोरेनमध्ये डुकराचे तुकडे, कांद्याच्या सुपात बहुधा गाईच्या हाडांचा स्टॉक, नुसत्या सॅलडवरही तेच तुकडे, म्हणजे लार्दों, भुरभुरलेले. दोर्दोन्यमध्ये बटाटेसुद्धा बदकाच्या चरबीत परततात. विचारून घ्यायचं. चालण्यासारखं: गरम बकरी-चीजचं सॅलड, ऑम्लेट, दूध-सायीत भाजलेले बटाट्याचे काप, दक्षिणेत रातातुई, नीसला हरभऱ्याच्या पिठाची सोका. अल्सासमध्ये फ्लामकुखं म्हणजे पातळ कडक पोळीवर साय आणि कांदा, त्यावर लार्दों न घालता मशरूम घालून देतात, आधी सांगा. मे-जूनमध्ये तिथे पांढऱ्या शतावरीचा मोसम असतो, सॉसबरोबर ताटभर देतात, सोबतचं हॅम तुम्ही खा. ब्रिटनीत गेलात तर कुट्टूच्या पिठाचं गालेत, म्हणजे तिकडचं घावनच. चीजमध्ये रेनेट (दूध फाडायला वापरतात ते, बहुधा वासराच्या जठरातलं) असतं हे कट्टर मंडळींना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

कट्ट्यावरचा_बंडू

कुट्टूचं म्हणजे उपासाला चालेल की. खंडूभाऊ, एकादशी स्पेशल फ्रान्स टूर काढू या.

खादाड_खंडू

त्यावर अंडं आणि हॅम घालून घडी करतात, बंडू. विठोबा बघतोय.

मिताली_न

गाडीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आम्ही प्रोव्हान्सला गाडी घेतली होती. आरक्षण ऑटोमॅटिकचं, काउंटरवर गेल्यावर "ती नाही, गिअरची आहे, घ्यायची तर घ्या". अनामत रक्कम क्रेडिट कार्डावरच अडकवतात, डेबिट कार्ड चालत नाही, आणि कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं. आमचं कार्ड माझ्या नावाचं, चालवणार नवरा. तासभर हुज्जत. परत करताना बंपरवरचा जुना ओरखडा आमच्या नावावर, ते पैसे परत मिळायला दिवाळी उजाडली. उचलतानाच चारी बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवा. कंपनीचं नाव लिहीत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच ऐकलंय.

आणि रस्त्यावरचा नियम: गावात जिथे पाटी नसते तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तो बोळातून आला तरी. हे अंगवळणी पडेपर्यंत जीव मुठीत. बाकी रस्ते सुरेख आणि ड्रायव्हर शिस्तीचे. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढून न्या.

सुमेधा_इचलकरंजी

मितालीताई, तुमची पोस्ट नवऱ्याला दोनदा वाचून दाखवली. दुसऱ्यांदा जरा हळू वाचली.

मेघना, खेडं आणि लहान शहर यातला फरक इतका नीट कुणी सांगितला नव्हता. माझ्या डोक्यात खरं तर तेच होतं, लिहिताना 'गाव' म्हटलं. लव्हेंडर दिसेल का हो युझेसच्या बाजूला?

लिऑनवाली_मेघना

मे अखेरीस नाही. साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, उंचावरच्या भागात आणखी थोडं पुढे. तुम्ही जाल तेव्हा हिरवी-करडी झुडपं असतील. त्यासाठी प्रोव्हान्स निवडणार असाल तर निराशा होईल. खसखशीच्या जातीची लाल फुलं मात्र शेतांच्या बांधांवर तेव्हा भरभरून असतात. आणि मिस्त्राल वारा सुटला तर टोपी सांभाळा, एकदा लागला की दिवसचे दिवस वाहतो.

आणखी एक. ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी असेंशनचा गुरुवार येतो, मग अकरा दिवसांनी पेंटेकॉस्टचा सोमवार. गुरुवारला जोडून शुक्रवारची रजा टाकायची ही इथली राष्ट्रीय परंपरा, त्यामुळे त्या दोन सुट्ट्यांना खोल्या आणि गाड्या आधीच भरतात. तारखा बघून बुकिंग करा.

डॉ_विहीर

सगळ्यांनी मिळून दोर्दोन्यला बाजूला सारलंत, म्हणून तिची वकिली करतो. हो, लांब आहे. हो, गाडी लागते. बोर्दोहून सार्लाला रेल्वे आहे पण तीनएक तास घेते आणि पुढे गुहांना जायला काही नाही. तरीही.

लास्को ही आदिमानवाच्या चित्रांची गुहा १९४० साली गावातल्या पोरांना सापडली, १९६३ला बंद केली, कारण लोकांच्या श्वासाने आणि दिव्यांनी भिंतींवर शेवाळ धरायला लागलं. आता दिसते ती प्रतिकृती, २०१६ची, मोंतिन्याकला. उत्तम केलीय, जरूर बघा. पण माझा आग्रह रुफिन्याकचा. ती खरी गुहा, अजून उघडी. आत बारकी इलेक्ट्रिक गाडी जाते, म्हणजे सुमेधाताई, गुडघ्याला त्रास नाही. गाइड दिवा मालवतो, मिनिटभर ठार अंधार. मग एका कोपऱ्यात विजेरीचा झोत टाकतो आणि भिंतीवर मॅमथ. एका रेषेत काढलेला, पाठीचा उंचवटा, डोळा, लोंबती लव, बस. गुहेत दीडशेच्या वर मॅमथ आहेत. त्याच भिंतींवर अस्वलांच्या पंजांचे ओरखडे, जमिनीत त्यांनी हिवाळी झोपेसाठी केलेले खड्डे. अस्वलं आधी येऊन गेली, माणूस नंतर आला आणि त्याने ओरखड्यांवरूनच चित्रं काढली. मी बाहेर येऊन बराच वेळ कुणाशी बोललो नाही. बायकोला वाटलं बीपी वाढलं.

सार्लाबद्दल एक गंमत. ज्या आंद्रे मालरोने सांस्कृतिक मंत्री म्हणून लास्को बंद केली, त्याच्याच १९६२च्या कायद्याने जुनी शहरं पाडण्याऐवजी आख्खा जुना भाग जपायचं धोरण आलं, आणि सार्ला त्यातलं अगदी सुरुवातीचं शहर. म्हणून ते तसं दिसतं. तिथल्या एका जुन्या चर्चमध्ये आता मंडई भरते, दाराला उंचच्या उंच लोखंडी पल्ले लावलेत, वास्तुकार जाँ नूव्हेलने केलेले.

नदीच्या एका काठावर बेनाकचा किल्ला, समोर कास्तेलनोचा. शंभर वर्षांच्या युद्धात एक फ्रेंचांकडे, दुसरा इंग्रजांकडे. संध्याकाळी मधून सपाट बुडाच्या नावेतून जायचं.

आजोबा_ऑनलाइन

सर्व सभासदांस नमस्कार. धागा उत्तम चालला आहे. प्रोव्हान्सकडे जाणार असाल तर मार्सेयला एक दिवस द्यावा ही विनंती. ८ जुलै १९१० रोजी याच बंदरात सावरकरांनी मोरिया बोटीच्या खिडकीतून उडी घेतली होती. पुढे ते प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेले. शिवाय सप्टेंबर १९१४मध्ये हिंदी सैन्य पहिल्या महायुद्धासाठी याच बंदरात उतरले. शहराच्या दक्षिणेस माझार्ग येथील युद्ध दफनभूमीत हिंदी सैनिकांचे स्मारक आहे. आम्ही गेलो तेव्हा तेथे आमच्याखेरीज एक माळी तेवढा होता. थडग्यांवरील नावे वाचत फिरलो.

कट्ट्यावरचा_बंडू

आजोबा, उडीबद्दल इथे चर्चा सुरू झाली तर धागा पाचशे प्रतिसादांवर जाईल आणि सुमेधाताईंची सहल पुढच्या वर्षी.

संपादक_मंडळ

राजकारणासाठी वेगळा धागा काढावा. इथे सहलीपुरतंच. (आजोबांचा प्रतिसाद राहू दे, माहितीचा आहे.)

वेळापत्रक

व्हिसाचं कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज. सुमेधाताई, तुमचा मोठा मुक्काम जर्मनीत, म्हणजे अर्ज जर्मनीकडे, फ्रान्सकडे नाही. शेंगेन एकच असल्याने सीमा ओलांडताना फरक पडत नाही. फी सध्या ९० युरो, सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. टीजीव्हीची तिकिटं जितकी आधी तितकी स्वस्त. टीईआरचं भाडं सहसा आयत्या वेळीही तेच, तिथे घाई करू नका.

निशिगंध_७१

वाचनखूण साठवली. घर भाड्याने घेताना दोन गोष्टी: ग्रामीण भागातली घरं हंगामात बहुधा शनिवार ते शनिवारच देतात. शनिवारी दुपारी चार-पाचला किल्ली मिळते, रविवारी दुपारनंतर सगळं बंद, सोमवारीही बरीच दुकानं बंद. पोचल्या पोचल्या आधी दूध, अंडी, बटाटे भरून ठेवा. दुसरं, मजला आणि लिफ्ट विचारा. जुन्या घरांचे जिने गोल आणि अरुंद असतात, "मोहक तिसरा मजला" असं लिहिलं असेल तर गुडघ्याने परवानगी दिली का ते पाहा.

सुमेधा_इचलकरंजी

काल रात्री आम्ही दोघं नकाशा घेऊन बसलो. तुमच्या सगळ्यांच्या प्रतिसादांचं प्रिंटआउट काढलं होतं (नवरा बँकेत होता, त्याला कागद लागतो). ठरलं ते असं: आधी कोलमार, मग बोन. दोन्हीकडे आठवड्याच्या आसपास, मधे एकदा दिजोंला एक रात्र. सगळं रेल्वेने. दोर्दोन्य गाडीशिवाय नाही आणि गाडी माझ्याशिवाय नाही, त्यामुळे डॉक्टर, तुमची गुहा पुढच्या खेपेला लेक-जावयांबरोबर. नवऱ्याला कोलमारला इलेक्ट्रिक सायकल मिळणार या अटीवर तह झालाय.

बोनबद्दल कुणी फार लिहिलं नाही. तिथे आठवडाभर काय करायचं?

लिऑनवाली_मेघना

काहीही न करता आठवडा जातो! पण बघण्यासारखं आहे ओतेल-द्यू. निकोला रोलँ नावाच्या बर्गंडीच्या मंत्र्याने १४४३ साली गरिबांसाठी बांधलेलं हॉस्पिटल. बाहेरून साधी करडी भिंत. आत चौकात आलं की पिवळी, हिरवी, लाल, काळी झिलई दिलेल्या कौलांची नक्षी. मोठ्या दालनात दोन्ही बाजूंना लाल पडद्यांच्या खाटा ओळीने, म्हणजे रुग्णाला पडल्या पडल्या टोकाची वेदी दिसावी. अगदी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे रुग्ण होते. हॉस्पिटलला लोकांनी दान दिलेल्या द्राक्षमळ्यांची वाइन दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी लिलावात विकतात, त्यावर आजचं हॉस्पिटल चालायला मदत होते.

शनिवारी त्याच्यासमोरच बाजार. गूझेर घ्या, चीज घातलेले हलके फुगीर गोळे, मिस्टरांना चालतील. बोनहून सांतनेपर्यंत मळ्यांमधून बावीसएक किलोमीटरची सायकलवाट आहे, मधल्या कुठल्याही गावातून परत फिरता येतं. दिजोंला दर थोड्या वेळाने गाडी, वीस-पंचवीस मिनिटं.

आणि दुकानात, बेकरीत, बसमध्ये चढताना आधी 'बोंजूर' म्हणायचं, मग बोलायचं. तुम्हाला फ्रेंच माणूस उद्धट वाटला तर शंभरातल्या नव्वद वेळा तो बोंजूरची वाट बघत असतो.

गिरमिट

दोन ठिकाणांत पंधरा दिवस. मला तिसऱ्या दिवशी कंटाळा आला असता. पण आल्यावर वृत्तांत लिहा, बघू तरी.

भटकभवानी

कोलमारला पुलाशेजारच्या बेकरीत रविवारी सकाळी कुगलोफ मिळतो, बदाम-बेदाण्यांचा उंच गोल केक. नऊच्या आत जा, नंतर ट्रे रिकामा. आणि सुमेधाताई, एगिसाइमला सायकलने जाणार असाल तर येताना हलका उतार आहे, जाताना थोडा चढ. मिस्टरांना पुढे सोडा.

ओंकार_स्टुटगार्ट

मी पण इथेच असतो. डिसेंबरमध्ये आईबाबा येणार आहेत, तेव्हाही कोलमार-स्ट्रासबर्ग चालेल का? की थंडीत वेडेपणा?

भटकभवानी

ओंकार, डिसेंबरमध्ये तर आख्खा युरोप तिथे लोटतो. स्ट्रासबर्गचा ख्रिसमस बाजार १५७०पासूनचा आहे. शनिवार-रविवार टाळ, मंगळवार-बुधवार बघ, आणि आतापासून खोली शोधायला लाग. कोलमारला नाही मिळाली तर सेलेस्टाला बघ, दोन्हींच्या मधलं स्टेशन आहे.

निशिगंध_७१

आणि आईबाबांना दगडी फरशीवर न घसरणारे बूट घेऊन दे. स्वेटर तिथे मिळतात, पण त्यांच्या मापाचे बूट ऐनवेळी मिळतीलच असं नाही.